गायरानाची घट्ट जमीन आणि ट्रॅक्टरच्या अवजाराची निवड

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

गायरान ही गावाची समाईक संपत्ती होय. गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये आहे, आणि अशा जमिनीवर चराईचा हक्क त्या त्या गावच्या गुरांपुरताच मर्यादित आहे. कागदावर ही व्यवस्था नीटस आहे. प्रत्यक्षात अवर्षणप्रवण पट्ट्यातील बहुतेक गायरानांवर आज काय दिसते? मधूनमधून तरवडाची झुडपे, पावसाळ्यानंतर दोन महिने टिकणारे कुसळीचे गवत आणि त्याखाली पहार आपटली तर परत उसळणारी जमीन. ज्याच्या घरी स्वतःची शेती आहे, त्याला कडबा आहे, बांधावरचे गवत आहे. भूमिहीन मजुराची एक गाय आणि दोन शेळ्या मात्र याच जमिनीवर जगतात. १९७२ च्या दुष्काळात गुरांच्या छावण्या उभाराव्या लागल्या होत्या. तो काळ ज्यांनी पाहिला, त्यांना चाऱ्याचा एक भारा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

अलीकडे गावोगावी ट्रॅक्टर आले आहेत. त्यामुळे गायरान सुधारण्याचा विषय ग्रामसभेत निघाला की कोणीतरी सहज म्हणतो, "एकदा ट्रॅक्टर फिरवून घेऊ." सूचना चांगल्या हेतूची असते, पण कोणते अवजार जोडायचे, याचा विचार तेथे होत नाही. ज्याचा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, त्याच्या दारात जे अवजार उभे असते, तेच गायरानावर येते. बहुधा तो रोटाव्हेटर असतो, नाही तर पलटी नांगर.

पहिले पंधरा दिवस जमीन फार सुंदर दिसते. भुसभुशीत, काळसर, जणू पेरणीला तयार. मग मृगाचा पहिला जोराचा पाऊस येतो. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती आता सुटी झालेली असते. ती उताराने वाहून ओढ्याला मिळते. जे गवत शतकानुशतके तेथे तग धरून होते, त्याची ठोंबे उलटी पडून वाळलेली असतात, आणि श्रावणात त्या जागी गाजर गवत उभे राहते. पंचायतीचा पैसा खर्च झालेला असतो, चारा पूर्वीपेक्षा कमी झालेला असतो आणि इंचभर माती कायमची गेलेली असते. शेतात चूक झाली तर पुढच्या हंगामात ती सुधारता येते. माळावरील वीतभर मातीच्या बाबतीत तशी सवलत नाही.

म्हणून गायरानासाठी अवजार निवडताना शेताची मोजपट्टी वापरून चालत नाही. शेतात बी पेरण्यासाठी जमीन तयार करायची असते. गायरानात गवत आधीच उभे असते. त्याला धक्का न लावता त्याच्या मुळांखालची जमीन फोडायची, असे हे काम आहे.

जमीन घट्ट कशाने होते

गुरांच्या खुरांनी जमीन दबते, हे सर्वांना ठाऊक आहे. ती किती खोलवर दबते, याचा मात्र क्वचितच विचार होतो. साडेतीनशे किलो वजनाची गाय चार पायांवर स्थिर उभी असता प्रत्येक खुराखाली दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दीड किलो दाब पडतो. चालताना एक-दोन पाय उचललेले असल्यामुळे तो आणखी वाढतो. ट्रॅक्टरच्या मागील टायरखालचा दाब साधारणतः एक किलोच्या आसपास असतो. म्हणजे दाबाच्या हिशेबाने गाय ट्रॅक्टरपेक्षा जड! परंतु खूर लहान असतो आणि त्यावरील एकूण भार थोडा असतो. त्यामुळे खुराचा दाब जमिनीत फार खोल उतरत नाही. गुरांनी तुडवलेली जमीन बहुधा वरच्या १० ते १५ सेंटीमीटरमध्येच घट्ट झालेली असते. याउलट जेथून वर्षानुवर्षे ऊस, वाळू किंवा विटा भरलेल्या गाड्या गेल्या, अथवा जेथे वीटभट्टी होती, तेथे घट्टपणा एक-दीड फुटापर्यंत पोहोचलेला असतो.

हा फरक महत्त्वाचा आहे. वरच्या वीतभर थरासाठी दोन फूट खोल जाणारे अवजार लावणे म्हणजे डिझेल जाळणे होय. खालच्या थरासाठी वरवर खरवडणारे अवजार लावले, तर खर्च वाया जातोच, शिवाय जमीन उघडी पडते.

दुसरी गोष्ट मातीच्या जातीची. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या फुगण्या-आकसण्यात ती स्वतःलाच फोडत असते. अशा जमिनीचे गायरान असेल, तर यंत्राआधी तिला विश्रांती देऊन पाहावे. मुरमाड, बरड आणि तांबड्या जमिनींत हा गुण नाही. त्या एकदा दबल्या की तशाच राहतात. डोंगरपायथ्याची आणि माळावरची बहुसंख्य गायराने या दुसऱ्या प्रकारची आहेत. चोपण जमिनीचा प्रश्न वेगळाच आहे. तेथे मातीतील क्षारांवर इलाज झाल्याशिवाय केवळ फोडून फळ मिळत नाही.

आधी खड्डा, मग अवजार

अवजाराची निवड ट्रॅक्टरवाल्याच्या दारात करू नये. ती गायरानात खणलेल्या खड्ड्यात करावी. खड्डा पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरमध्ये खणावा. मे महिन्यात सगळीच जमीन कठीण लागते आणि घट्ट थर कोणता व नुसती वाळलेली माती कोणती हे समजत नाही. हातभर लांब, हातभर रुंद आणि दीड फूट खोल एवढा खड्डा पुरे. त्याची एक बाजू फावड्याने न घासता चाकूने हळूहळू उकरून पाहावी. फावड्याने माती लिंपली जाते आणि जे पाहायचे तेच झाकले जाते.

काय पाहायचे? पहिले म्हणजे मुळे. चांगल्या जमिनीत गवताची मुळे सरळ खाली जातात. घट्ट थर लागला की ती काटकोनात वळून आडवी पसरतात. ज्या खोलीवर मुळे वळली, ती खोली पट्टीने मोजून लिहून ठेवावी. दुसरे म्हणजे मातीची घडण. मोकळ्या जमिनीत माती दाण्यादाण्यांची असते. दबलेल्या थरात ती पापुद्र्यांसारखी, आडव्या चकत्यांची निघते. तिसरे म्हणजे ओल. पाऊस होऊन दोन दिवस झाले तरी वरचा थर चिखलाचा आणि खालची माती कोरडी असेल, तर मधला थर पाणी अडवतो आहे हे उघड आहे.

एकच खड्डा मात्र पुरेसा नाही. गुरांच्या पाणवठ्याच्या वाटेवर एक, गायरानाच्या मध्यावर एक आणि जेथे गुरांचा पाय पडत नाही अशा ठिकाणी, म्हणजे एखाद्या दाट बोरीच्या जाळीत किंवा कुंपणाआड, एक खड्डा घ्यावा. हा तिसरा खड्डा सर्वांत बोलका असतो. तोही तितकाच कठीण निघाला, तर गुरांचा दोष नाही. तो जमिनीचा मूळ मुरूम आहे.

हे काम शाळेच्या मुलांकडून करून घेता येण्यासारखे आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेला एक पत्र्याचा डबा घ्यावा आणि जमिनीत बोट-दोन बोटे दाबून बसवावा. एकदा पाणी ओतून आतली माती भिजवून घ्यावी. मग पुन्हा ठरावीक उंचीपर्यंत पाणी भरून ते जिरण्यास किती मिनिटे लागतात ते मोजावे. बोरीच्या जाळीत आणि पाणवठ्याच्या वाटेवर लागणाऱ्या वेळेतील अंतर मुलांच्या वहीत एकदा उतरले की ग्रामसभेत वेगळे भाषण करण्याची गरज राहत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटरची एक सर निम्मी वाहून गेली, तर हेक्टरमागे सव्वा लाख लिटर पाणी गावाने गमावले, हा हिशेब सातवीच्या मुलासही करता येतो.

कोणते अवजार कशासाठी

पलटी नांगर आणि तव्यांचा नांगर ही दोन्ही अवजारे माती उलटतात. उभ्या गवताच्या जमिनीत ती नकोतच. रोटाव्हेटर माती उलटत नसला तरी तिचे पीठ करतो. शिवाय त्याची पाती ज्या खोलीवर फिरतात, तेथे जमीन घासली जाऊन खाली नवाच घट्ट थर तयार होतो. भाजीपाल्याच्या वाफ्यांत किंवा उसाचे खोडवे मोडताना त्याचा उपयोग निःसंशय आहे. गायरानात तो आणू नये.

राहिली ती फणाची अवजारे: मोगडा, चिझल नांगर आणि सबसॉयलर. तिन्ही जमीन चिरतात, उलटत नाहीत. त्यांच्यातील फरक मुख्यतः खोलीचा आहे.

खड्ड्यात घट्ट थर वरच्या १० सेंटीमीटरमध्येच दिसला, तर खरे पाहता कोणत्याच जड अवजाराची गरज नाही. दोन-तीन पावसाळे चराई थांबवली तर गवताची मुळे, गांडुळे आणि वाळवी हे काम फुकट करतात. घाई असेल तर मोगडा वापरता येतो. मात्र नऊ फणांचा मोगडा जसाच्या तसा फिरवला, तर गवत उपटून निघते. एकाआड एक फण काढून टाकावा. नेहमी २२ ते २३ सेंटीमीटरवर असलेले फण मग ४५ सेंटीमीटरवर येतात. दोन चिरांमध्ये गवताची पट्टी शाबूत राहते आणि तेवढ्याच ट्रॅक्टरवर उरलेले पाच फण अधिक खोल उतरतात. स्प्रिंगचे फण घट्ट जमिनीत मागे उचलले जातात. ताठ फण चांगले उतरतात, पण दगड लागला की वाकतात. जमीन दगडगोट्यांची असेल तर खोलीचा थोडा त्याग करून स्प्रिंगचेच फण घ्यावेत.

थर १० ते २५ सेंटीमीटरच्या दरम्यान असेल, तर चिझल नांगर हे योग्य अवजार होय. निवडीच्या प्रश्नाचे उत्तर अधिक वेळा हेच येते. त्यामुळे या अवजाराची थोडी माहिती येथे अस्थानी होणार नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी प्रदेशात धुळीची प्रचंड वादळे झाली. गवताची कुरणे पालटी नांगराने उलटून तेथे गहू पेरला गेला होता. अवर्षण आले, पीक गेले, आणि मुळांचा आधार सुटलेली माती वाऱ्याबरोबर उडाली. या आपत्तीच्या काळात, १९३३ मध्ये, ओक्लाहोमा राज्यातील फ्रेड होम नावाच्या शेतकऱ्याने जमीन न उलटता खोल चिरणारा जाड फणांचा नांगर तयार केला. पुढे ग्रॅहॅम-होम नांगर या नावाने तो प्रसिद्ध झाला. १९५० नंतर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात पी. ए. योमन्स यांनी हाच नांगर कुरणांसाठी वापरला, त्यात सुधारणा केल्या आणि १९५४ मध्ये आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. पहिल्या वर्षी उथळ चिरावे, मुळे त्या खोलीपर्यंत गेली की पुढील वर्षी थोडे अधिक खोल जावे, हे त्यांच्या पद्धतीचे एक सूत्र होते. योमन्स यांचे सगळेच दावे जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. त्यांची कुरणे पेरलेल्या गवताची होती आणि तेथील पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. पण टप्प्याटप्प्याने खोली वाढवण्याची कल्पना आपल्या माळरानालाही लागू पडते. एकाच वर्षी फूटभर खोल घुसण्याचा प्रयत्न केला, तर चिझल मोठाली ढेकळे उचकटतो आणि त्यांबरोबर गवताची ठोंबेही वर येतात.

थर २५ सेंटीमीटरच्या खाली असेल, तरच सबसॉयलर. जुनी वाहनांची वाट, वीटभट्टीची जागा, यंत्रांनी सपाट केलेली जमीन या त्याच्या जागा आहेत. एका फणाच्या सबसॉयलरला ४० ते ४५ सेंटीमीटर खोलीवर ओढण्यासाठी साधारण ४० ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, आणि कठीण जमिनीत तोही दमतो. इंग्लंडमध्ये कुरणांसाठी सबसॉयलरच्या पुढे गवत कापणारी गोल तबकडी आणि मागे चीर दाबून बंद करणारा रूळ बसवतात. आपल्याकडे असे तयार अवजार गावात मिळणे कठीण आहे. मात्र फणापुढे तबकडी बसवून घेणे तालुक्याच्या ठिकाणच्या चांगल्या वेल्डिंग कारागिराला अशक्य नाही. तबकडीमुळे गवताचा थर सरळ कापला जातो, फाटत नाही. मोल नांगर नावाचे एक अवजार सबसॉयलरसारखे दिसते, पण ते ओल्या चिकण जमिनीत पाण्याच्या निचऱ्यासाठी भुयार पाडते. त्याचा येथे संबंध नाही.

फार खोल हीसुद्धा चूक

फण जितका खोल तितकी जमीन अधिक फुटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. फण योग्य खोलीवर असेल, तर माती पुढे आणि वर उचलली जाते. तिला वर जागा असते, म्हणून ती तडकते. ठरावीक मर्यादेपेक्षा फण खोल गेला, की वरच्या मातीचे ओझे इतके होते की माती उचलली न जाता बाजूंना दाबली जाते. मग फण गेल्यावर जमिनीत एक अरुंद फट उरते आणि तिच्या भिंती पूर्वीपेक्षा घट्ट झालेल्या असतात. इंग्लंडमधील सिल्सो येथील स्पूर आणि गॉडविन या संशोधकांनी १९७८ मध्ये या विषयावर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. ही मर्यादा सर्वसाधारणपणे फणाच्या टोकाच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते. म्हणजे टोक ५ सेंटीमीटर रुंद असेल, तर सुमारे ३० सेंटीमीटरच्या खाली ते टोक उपयोगाचे नाही. अधिक खोल जायचे असेल तर टोक रुंद हवे किंवा त्याला दोन्ही बाजूंना पंख हवेत. पंख असलेल्या फणाला ओढ जास्त लागते, पण त्या प्रमाणापेक्षा अधिक माती तो मोकळी करतो.

यावरून व्यवहाराचा नियम असा निघतो: फणाचे टोक घट्ट थराच्या तळाच्या फार तर चार-पाच सेंटीमीटर खाली चालावे. त्याहून खोल नाही. साध्या फणांमधील अंतर खोलीइतके किंवा दीडपट ठेवावे. पंख असतील तर दुपटीपर्यंत वाढवता येते. पैशाची चणचण असेल तर घट्टपणा जेथे सर्वाधिक आहे तेवढेच पट्टे करावेत. सगळ्या गायरानावर चीर पडलीच पाहिजे असे नाही.

वेळ, उतार आणि ट्रॅक्टरवाला

वाफसा हा शब्द प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. येथे तो वाफसा पृष्ठभागाचा पाहायचा नाही. फण ज्या खोलीवर चालणार, तेथील मातीचा पाहायचा. त्या खोलीवरची चिमूटभर माती तळहातावर वळावी. तिची सुतळीसारखी बारीक वळी न तुटता होत असेल, तर माती अजून ओली आहे. फण तिला फोडणार नाही, लोण्यासारखी कापील. चुरा होत असेल तर काम सुरू करावे. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात मेच्या मध्यापासून मृगापर्यंतचा काळ या कामाला सर्वांत योग्य ठरतो. वळवाच्या एका सरीने वरचा थर नरम झालेला असतो, खालची माती कोरडी असल्यामुळे तडकते, आणि लगेच येणारा पाऊस त्या चिरांत उतरतो. दिवाळीच्या सुमारास काम केले तर तुटलेली मुळे सहा-सात महिने उघड्या फटीत वाळत राहतात.

चिरा नेहमी समपातळी रेषेवर, उताराला आडव्या घ्याव्यात. उताराच्या दिशेने पडलेली प्रत्येक चीर म्हणजे पुढच्या ओघळीची सुरुवात होय. समपातळी आखण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा लाकडाची 'ए' आकाराची चौकट पुरते. जेथे उतार तीव्र आहे, तेथे ट्रॅक्टर नेऊच नये. आडवा चालणारा ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका खरा आहे. तेथे माणसांनी खणलेले समपातळी चर बरे. तसेच कातळ हातभर खोलीवर असेल तर सबसॉयलर मोडेल. गायरानातून पाणीपुरवठ्याची नळवाहिनी गेली आहे का, हे ग्रामसेवकाने आधी पाहावे.

आता भाड्याचा प्रश्न. एकरावर दर ठरला की ट्रॅक्टर वेगात जातो आणि फण वर येतो. यात चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. दर तासावर ठरवावा आणि खोलीची अट त्यात घालावी. पंचायतीच्या एका सदस्याने खुणा केलेली लोखंडी सळई घेऊन प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन ठिकाणी खोली पाहावी. खर्चाचा अंदाज आधी करता येतो. एका फणाचा सबसॉयलर ताशी ४ किलोमीटर वेगाने, चिरांमध्ये १ मीटर अंतर ठेवून चालला आणि वळणे-थांबणे यांत तीस टक्के वेळ गेला, तर हेक्टरला साडेतीन तास लागतात. तीन फणांच्या चिझलला, ट्रॅक्टरची ताकद पुरत असेल तर, याहून बराच कमी वेळ पुरतो.

ट्रॅक्टरची ताकद पुरते की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. मागच्या चाकावर खडूने खूण करावी. अवजार उचललेले असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते मोजावे; समजा ४० मीटर. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा मोजावे. अंतर ३४ मीटर भरले तर चाक १५ टक्के घसरते आहे. इतके चालेल. ३० मीटर भरले तर चाके जमीन घासत आहेत आणि एकीकडे फोडलेली जमीन दुसरीकडे तीच दाबत आहेत. अशा वेळी खोली कमी करावी किंवा एक फण काढावा.

त्यानंतरची दोन वर्षे

नुकतीच फोडलेली जमीन पूर्वीपेक्षा अधिक नाजूक असते. तिच्यावर पहिल्याच पावसाळ्यात गुरे सोडली, तर एका हंगामात ती होती तशी होते, कधी त्याहून वाईट. त्यामुळे चराईबंदीशिवाय ट्रॅक्टरचे काम करूच नये, असे स्पष्ट म्हणावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने चराईबंदी पाळली आणि गवत कापून नेण्याची पद्धत रुजवली. तेथील काम मुख्यतः समपातळी चर आणि मृदसंधारणाचे होते, सबसॉयलरचे नव्हे. पण गुरे बाहेर ठेवल्याशिवाय जमीन सावरत नाही, हा धडा दोन्हींना सारखाच लागू आहे.

येथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. गायरान बंद केले, की पहिला फटका ज्याला शेत नाही त्यालाच बसतो. त्याच्या शेळ्या दुसऱ्या दिवशी कोठे जाणार? म्हणून संपूर्ण गायरान एकदम हाती घेऊ नये. तीन भाग करून दरवर्षी एकच भाग फोडावा आणि तेवढाच बंद ठेवावा. १२ हेक्टरच्या गायरानात हे काम वर्षाला ४ हेक्टरचे, म्हणजे सबसॉयलर लावला तरी सुमारे १४ तासांचे होते. पंचायतीला खर्च झेपतो आणि गुरांना दोन तृतीयांश जमीन उरते. बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांना द्यावा आणि तसा ठराव ग्रामसभेत आधीच करावा. मागाहून केलेला ठराव बलवानांच्या बाजूने झुकतो.

चिरांमध्ये पावसाच्या तोंडावर बी टाकता येते. अंजन, मारवेल ही गवते आणि स्टायलो हे द्विदल चाऱ्याचे पीक हलक्या जमिनीत तग धरते. अंजनाचे बी हलके व केसाळ असते, वाऱ्याने उडते. ओली माती आणि शेण यांत कालवून त्याच्या लहान गोळ्या केल्या म्हणजे ते चिरेत टिकते. स्टायलोचे बी कठीण कवचाचे असल्याने ते पेरण्यापूर्वी गरम पाण्यात बुडवून घेतात.

आणखी एक सावधगिरी कायद्याच्या बाजूची आहे. फोडलेले गायरान दुरून शेतासारखे दिसते, आणि शेतासारखे दिसणाऱ्या समाईक जमिनीवर दुसऱ्या वर्षी कोणाची तरी पाभर चालते. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या समाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले. पण निकाल हाती असणे वेगळे आणि अतिक्रमण हटवणे वेगळे. ट्रॅक्टर लावण्यापूर्वी गायरानाची मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या कराव्यात. चिरांची आखणी हद्दीपासून काही अंतर आत ठेवावी आणि कामाची नोंद, नकाशासह, ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. गवत न उलटणारे अवजार निवडण्याचे हेही एक कारण आहे: चिरलेले कुरण पावसानंतर पुन्हा कुरणच दिसते.

पुढील सप्टेंबरमध्ये जुन्या खड्ड्यांपासून दोन हातांवर नवे खड्डे घ्यावेत, आणि शाळेच्या मुलांनी त्याच डब्याने, त्याच जागांवर पाणी जिरण्याची वेळ मोजून मागील वर्षीच्या वहीत शेजारच्या रकान्यात लिहावी. मुळे किती सेंटीमीटर अधिक खोल गेली, यावर दुसऱ्या भागात फण किती खोल चालवायचा हे ठरवावे.